आणखी एक वर्ष

संभाषण

“काल संध्याकाळी तुम्ही काय केलंत?” पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी फ्रेंचमध्ये विचारलं.



उत्तर निरुपमाच्या जिभेवर तयार होतं. एकटीपुरतं सुरण आणलं, कापताना हात खाजले, मग चिंच चोळली. खाजेला फ्रेंचमध्ये काय म्हणतात तेही तिला येत होतं. तिनं ओठ मिटून घेतले.

बाईंनी प्रश्न सोपा केला. मग आणखी सोपा. वर्गात फ्रेंचशिवाय अक्षर न काढणारे तिशीतले इंद्रनील सर शेवटी मराठीत कुजबुजले, “निरुपमाताई, घाबरू नका. काल काय जेवलात, एवढंच सांगा.”

तिला सांगून टाकावंसं वाटलं. पण बोलली असती तर पास झाली असती.

श्रवण

आई गेल्यापासून घरात मराठी बोलायला माणूस उरलं नव्हतं. रावपुऱ्यातल्या विमा कचेरीत दिवसभर गुजराती. संध्याकाळ जाईना म्हणून तिनं विद्यापीठातला फ्रेंचचा वर्ग धरला आणि पायरी पायरीनं शेवटच्या, प्रगत वर्गापर्यंत आली. त्यापुढे वर्ग नव्हता.

इथे दर रविवारी आपल्या दिवसाबद्दल फ्रेंचमध्ये बोलायचं आणि ते रेकॉर्डिंग सरांना पाठवायचं. मुलं दोन मिनिटांत उरकत. निरुपमा बोलतच राही. आईची काठी, गच्चीवर येणारी माकडं, वाळत घातलेले पापड. सर उच्चार सुधारून पाठवत आणि शेवटी हमखास विचारत, ‘मग, माकडांनी पापड ठेवले का काही?’

तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

“मावशी, तुमची व्हिसाची फाइल कुठे पहोंची?” वर्गातली उत्कर्षा विचारी. तिला कॅनडाला जायचं होतं. वर्गात सगळ्यांनाच जायचं होतं.

“माझी कसली फाइल?”

“लो. तो पछी एवढी मेहनत कशाला? मी तर नापास झाले म्हणून परत ह्याच वर्गात बसलेय. आखं वरस गेलं माझं.”

आखं वरस. निरुपमानं ते मनात ठेवलं होतं.

वाचन

“मावशी, पास झालात. पेंडे काढा,” उत्कर्षा म्हणाली.

निरुपमानं फळ्यावरचं आपलं नाव पुन्हा वाचलं. सर जिन्यातच भेटले.

“तोंडी परीक्षेचं मनाला लावून घेऊ नका, ताई. मी बाईंना तुमची रविवारची रेकॉर्डिंग ऐकवली. म्हटलं, एका भीतीपायी ह्यांचं वर्ष कशाला घालवायचं? बाईंनी ऐकलं माझं.”

“फार उपकार झाले, सर.”

“उपकार कसले. आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही. सुटलात.”

ती हसली. पेढे आणायला लहरीपुऱ्यापर्यंत चालत गेली.

लेखन

‘सर, ह्या रविवारी पाठवलं तर चालेल का?’

टाइप केलं. पुसलं.

पुन्हा श्रवण

रविवारी माकडीण पिल्लू पोटाशी घेऊन कठड्यावर येऊन बसली. पापड वाळत घातलेले नव्हते. ती इकडे तिकडे बघत थोडा वेळ थांबली आणि गेली.

निरुपमानं रेकॉर्डिंग चालू केलं आणि मोबाइल तोंडाशी धरून सगळं सांगितलं. फ्रेंचमध्ये, सावकाश, उच्चार सांभाळून.

मग तो कानाला लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं.