गाळलेलं डोकं

दुःखाच्या घरीही माणसांची प्रतवारी लावणारे लोक असतात, आणि बहुधा ते देवाचंच काम करत असतात.

ब्वेनोस आयरेसमधल्या त्या ज्यू घरात सुतकाच्या रीतीने आरशांवर चादरी टाकल्या होत्या. शिंपीकामावर संसार केलेल्या इसाकचं काल दफन झालं होतं. बायको राकेल, मुलगी पेर्ला आणि मुलगा बेतो रीतीप्रमाणे फाडलेल्या कॉलरींनी बुटक्या स्टुलांवर बसली होती. बापासाठी काद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना म्हणायची, तर दहा ज्यू हवेत. सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे व्यवस्थापक नाउम ग्लुसमन मोजायला उठले. माणसं आकड्यांनी मोजायची नसतात, म्हणून दहा शब्दांचं एक वचन ते पुटपुटू लागले, दर डोक्याला एक शब्द. पूर्वी मोजत नसत त्या बायकाही धरल्या, त्या सुधारणेचा त्यांना कोण अभिमान! बेतोपाशी मात्र त्यांचा हात तसाच पुढे सरकला. शेवटचा शब्द तोंडातच राहिला.

“एक कमी पडतोय,” ते फोन काढत म्हणाले. “कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला बोलावतो.”

बेतोला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. पन्नाशीचा बेतो प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून उठून उभा राहिला होता. पेर्लाला शिसारी आली. ग्लुसमनांची, आणि खाली मान घालून सुतकाच्या जेवणातली उकडलेली अंडी सोलत बसलेल्या बाकीच्यांचीही. असल्याच वागण्याला विटून तिने सिनेगॉगची पायरी सोडली होती.

“बेतो काय कपाट आहे का, सेन्योर?”

ग्लुसमन तिला चुचकारू लागले. बेतोवर सगळ्यांचं प्रेमच आहे, पण त्या बिचाऱ्याला अर्थ कुठे कळतो?

राकेल बसल्या जागेवरून बोलली. “नाउम, दर शुक्रवारी तू या टेबलावर जेवलास. वाइनचा पेला बेतो उचलायचा, प्रार्थना बेतो म्हणायचा. त्याच्याआधी कुणी पावाला हात लावायचा नाही, हा इसाकचा नियम. तू मोठ्याने आमेन म्हणून तुकडा मोडायचास. ती प्रार्थना खरी नव्हती, तर इतकी वर्षं तू गिळत काय होतास?”

ग्लुसमनांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन खिशात टाकला, पुन्हा मोजायला सुरुवात केली आणि पहिला शब्द बेतोच्या डोक्यावर ठेवला. बेतोने अडखळत, एक ओळ दोनदा म्हणत, बापाची काद्दिश पुरी केली. ग्लुसमनांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं, आणि ओलं होतं.

पेर्लाची शिसारी एवढ्याने गेली नाही. पण शनिवारच्या प्रार्थनेला बेतोचा हात धरून ती सिनेगॉगमध्ये गेली आणि दाराशीच थांबली, बेतोला पाहून कोण बिचकून परत फिरतंय ते बघायला. बापाचं टेबल तिला आता तिथे मांडायचं होतं.

वाचकहो, मोजतो आपणही. मोजताना आपला हात कुणाला ओलांडून जातो, तेवढं पाहा. घरच्या पंगतीत ज्याला मान, त्याला देवाच्या दारात जागा नसेल, तर त्या दाराची किळसच यायला हवी.