उष्टा घास

दुर्गाबाईंनी पदर दंडावर घट्ट ओढून घेतला.

“माह्यं रक्त काहून पाह्यजे? आजार पोरीले हाय!”

“घरच्या सगळ्यांचंच घेते, आजी,” भावना म्हणाली. अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत ती शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर संशोधन करत होती. “रक्तातल्या राखणदार पेशी दाण्यालाच वैरी का समजतात, ते शोधायचंय. रक्तात दाण्याचा अर्क घातला की कुणाच्या पेशी भडकतात, ते दिसतं.”

लहानग्या पायलला मांडीवर घेऊन बसलेल्या पौर्णिमेने सासूकडे रोखून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं! अकोल्याच्या लग्नात पंगतीतच पायलचा घसा सुजला, पोर हातची जायची वेळ आली, तेव्हा तिला भरवत कोण होतं? हीच. म्हातारीची खोडच तशी. पोरीच्या ताटातला घास आधी आपल्या तोंडात घालायचा, चघळत बसायचं, मग तिला भरवायचं. त्या दिवशी पंगतीत बसतानाच पौर्णिमेने तिला त्यावरून चारचौघांत झापलं होतं. त्याच रागाने म्हातारीने मुद्दाम दाण्याचं काही चारलं असणार, ही सल तेव्हापासून पौर्णिमेच्या मनातून जात नव्हती.

“देऊन टाका ना, आई. भेता कायले?”

दुर्गाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवून हात पुढे केला.

निकाल घ्यायला तिघी पुन्हा आल्या, तेव्हा भावना थेट दुर्गाबाईंशीच बोलली.

“आजी, तुमच्याही पेशी दाण्याला भडकतात. पायलच्या इतक्या नाही, पण भडकतात. कधी त्रास झाला नाही?”

“होते ना. ओठ चुरचुरते. लहानपनापासून. सासरी म्हनत, दाने खात नाई, लय नखरे हाय हिचे. मंग मी सांगनंच सोडलं.” त्यांनी सुनेकडे पाहायचं टाळलं. “आता सूनबाई म्हनन, पोरीले माह्याकडूनच आलं.”

“मग पायलच्या ताटातलं कशाला खाता?” भावनाने विचारलं. लग्नातला प्रसंग आणि सासूची खोड पौर्णिमेने तिला आधीच सांगितली होती.

“दाना असला का मले पयले समजते. जरासं थांबा लागते. ओठ गप राह्यला का मंग पोरीले भरवाचं.”

“आणि त्या लग्नात?”

दुर्गाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“वांग्याच्या भाजीत कूट होता म्हने. मी चाखली नाई. सूनबाई म्हने, उष्टं नका देऊ.”

पौर्णिमेने डब्याची पिशवी उचलली.

बाहेर बाकावर पायलने डबा उघडला आणि सवयीने पहिला घास आजीच्या तोंडासमोर धरला. पौर्णिमेचा हात अडवायला उठला, अर्ध्यावर थांबला.

“आई, घरचाच हाय डबा. म्या केला.”

“असन,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी घास तोंडात घेतला, डोळे मिटले आणि थांबल्या.

पौर्णिमा त्यांच्या ओठांकडे पाहत बसली.