हिरोची जखम

रुचिने सेमिनारचे कागद डोळ्यांसमोर धरले. समोर बाजेवर तिचा बाप चैनलाल पोटरीवर दुपट्टा टाकून बसला होता. एवढ्या उकाड्यात पायावर दुपट्टा कोण टाकतं?

"वाचू का बाबूजी? उद्या कॉलेजात वाचायचं हाय. तुमच्याच हिरोवर लिवलं."

"वाच नं. त्याच्यावानी दुसरा हाय का कोणी?"

एकटा वीस जणांना लोळवणारा तो हिरो म्हणजे चैनलालचा जीव की प्राण. गोंदियाला जाऊन त्याने तो सिनेमा चारदा पाहिला होता. मानसशास्त्राच्या मॅडमनी नायकाच्या मनाचा शोध घ्यायला सांगितला, तेव्हा रुचिने म्हणूनच तो निवडला. पण आज तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. परवा पिसाळलेलं कुत्रं गावात चौघांना चावलं. तिघांनी सुया घेतल्या, चौथ्याचा पत्ता नाही. आणि शामकलाकाकी आत्ताच सांगून गेली, तुझा बाप काल शाळेच्या विहिरीत डोकावत होता, आज देवळाच्या. कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावायचं म्हणजे विष उतरतं, हे जुन्या लोकांचं औषध. चौथा कोण, ते रुचिने ताडलं. थेट विचारायची सोय नव्हती. दुपारी आईने नुसतं "लंगडता काऊन?" म्हटलं, तर बाप ताट सरकवून उठला होता.

"लहानपणी हा रडला की घरचे हसत," तिने वाचलं. "तेव्हापासून तो दुखणं दाखवत नाही. त्याचा राग म्हणजे भीतीवर ओढलेलं पांघरूण आहे."

चैनलाल हसला. "तो कोणाले भेते?"

तिने शेवटचं पान वर घेतलं.

"दवाखान्याला. जखम दाखवली तर कोणी तरी हात देईल, आणि दुसऱ्याचा हात धरायची त्याला सवय नाही. घरचे मात्र त्याचं लंगडणं पाहून धास्तीने अर्धे होतात."

चैनलालचं हसू मावळलं. कागदामागून उन्हं येत होती. त्याने डोळे बारीक करून तिकडे पाहिलं.

"रुचि, हा कागद तं कोराच हाय."

"हो बाबूजी. लिवलेलं मघाच संपलं."

त्याने दुपट्टा बाजूला केला. पोटरीवर दातांच्या खुणा होत्या, त्यांत लाल तिखट भरलेलं.

"पाच विहिरी झाल्या," तो खाली मान घालून म्हणाला. "दोनच राहिल्या."

"त्या सुई घेऊन येताना पाहू."

रुचिने गाडी काढली. चैनलाल कसाबसा मागे बसला, आणि गाडी हलायच्या आधीच त्याने तिचा खांदा घट्ट धरला.