पवळ्या मरतो तो प्रवेश

पवळ्या मेला आणि मंचाच्या अगदी मधोमध पडून राहिला.

मंच म्हणजे शाळेचाच व्हरांडा. समोर पटांगणात सतरंज्यांवर सगळं गाव बसलेलं. पवळ्या हा बैल चौथीच्या मुलांनी केला होता. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं डोकं, फाटक्या चपलांचे कान, सिमेंटच्या गोण्यांचं अंग आणि आतून बांबूच्या कामट्या. आत शिरून त्याला चालवायचं काम स्वराजचं. बैल मेल्यावर तो त्याच्या पोटाखालून अलगद बाहेर सटकला आणि भिंतीशी उभा राहिला. आता ससा यायचा होता आणि सशाला नाचायला जागाच नव्हती.

सोनालीबाई बाजूला माइक धरून गोष्ट वाचत होत्या. तालमीत दर वेळी त्या स्वतःच उठून बैल उचलायच्या, पण तालमीत माइक नव्हता. त्यांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं, माइकवर तळवा धरला आणि म्हणाल्या,

"बुद्धरत्न, प्रियदर्शिनी, जा, तो ओढून बाजूला न्या."

तळव्याआडूनही आवाज पटांगणभर गेला.

बुद्धरत्नच्या हातात कावळा होता. काळ्या पिशव्या आणि सायकलची ट्यूब कापून त्याने तो एकट्याने केला होता. त्याने कावळा नीट भिंतीला टेकवून ठेवला. मग दोघांनी पवळ्याचे मागचे पाय धरले आणि ते ओढू लागले. गोण्या फरशीवर खरखरत होत्या.

पहिल्या रांगेत खुर्चीवर शाळा समितीचे अध्यक्ष कुशाबा बसले होते, स्वराजचे आजोबा. ते मागे वळून म्हणाले,

"बाईंनी बराबर पोरं धाडली. हात बसलेला हाय त्यांचा."

पुरुषांच्या बाजूने हशा उठला. तो ऐकून बायका हसल्या. पडद्याआडची मुलंही हसली, आपलं नाटक रंगलंय असं वाटून.

कडेला, बौद्धवाडीतली माणसं बसली होती तिथून, बुद्धरत्नचे आजोबा उठले. सोमा त्यांचं नाव. नातवाचं काम बघायला ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. ते व्हरांड्यापाशी आले. आवाज चढवला नाही.

"बुद्धरत्ना, सोड ते."

मुलाने हात सोडले. प्रियदर्शिनीनेही सोडले. सोमांनी दोघांना हाताला धरलं आणि फाटकातून बाहेर नेलं.

सोनालीबाईंच्या हातात माइक होता. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"आणि मग तिथे ससा आला."

पोलादपूरच्या खोलीवर परतल्यावर त्या बराच वेळ नळाखाली बोटं चोळत राहिल्या. फेविकॉलचे पापुद्रे निघाले, तरी चोळत राहिल्या. स्वराज भिंतीशी उभा होता. हात मोकळे. बैल त्याचाच. त्याच्या शेजारी आणखी दोन मुलगे होते, तेही मोकळे. आणि बुद्धरत्नच्या हातात कावळा होता. मोकळे हात सोडून आपण भरलेल्या हाताचं नाव घेतलं. दोघं उंच आहेत म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. स्वराज त्या दोघांपेक्षा उंच होता.

दुसऱ्या दिवशी ती दोघं शाळेत आली नाहीत. शाळा सुटल्यावर बाईंनी कावळा पिशवीत घातला आणि बौद्धवाडीची वाट धरली. या शाळेवर तीन वर्षं झाली होती, पण वाडीची वाट त्यांना विचारावी लागली.

सोमा ओट्यावर विळ्याला धार लावत होते. त्यांनी चटई पुढे सरकवली. बाईंनी कावळा काढला, तसा बुद्धरत्न दारातून आला, कावळा घेतला आणि आत गेला.

"आजोबा, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "पण खरं सांगते, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

सोमांचा हात थांबला.

"मनात नव्हतं, तर तोंडात कुठनं आलं, बाई?"

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे बाई बघत राहिल्या.

"माझ्या बापानं ढोरं ओढायचं सोडलं," सोमा म्हणाले, "तवा मी बुद्धरत्नाएवढा होतो. गावाचा बैल मेला, हा गेला नाय. दाराशी बोलवायला आले, तरी नाय गेला. मग गावानं आमची वाट बंद केली. दुकान बंद, गिरण बंद. आई भिजवलेला तांदूळ पाट्यावर वाटायची. बापानं ऐकलं नाय ते नायच." त्यांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "आन काल माझ्या नातवानं ओढला. गोणीचा का होईना. बाईंनी सांगितलं म्हणून."

"मी माफी मागायला आले आहे."

"हितं नको. हितं माझं घर हाय, हितं कोण हसला नाय. हसले ते शाळेत. तिथं काय बोलायचं ते बोला."

बाई उठल्या. सोमांनी आतून पाणी मागवलं. शेजारची प्रियदर्शिनी आतच होती, तिने तांब्या आणून दिला. बाई ते उभ्यानेच प्यायल्या आणि निघाल्या.

सोमवारी दोघं शाळेत आली. बाईंनी आठवडा तसाच घालवला. कुशाबांशी आधी बोलून घ्यावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर त्या त्यांच्या अंगणापर्यंत गेल्या आणि शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलून परत आल्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. पुन्हा सगळं गाव जमलेलं. सोमाही आले होते, फाटकाजवळ उभे. कुशाबांनी भाषण केलं आणि म्हणाले, "आता बाई दोन शब्द बोलतील."

बाई उठल्या. माइक त्यांनी घेतला नाही.

"त्या दिवशी बैल ओढायला मी बुद्धरत्न आणि प्रियदर्शिनीला पाठवलं. मोकळी मुलं तिथेच उभी होती, त्यांना नाही पाठवलं. का, ते मला कळलं आहे. तुम्हालाही तेव्हाच कळलं होतं, म्हणून तुम्ही हसलात. त्या दोघांची आणि त्यांच्या घरच्यांची मी माफी मागते."

कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई पदर सावरून शेजारणीच्या कानाशी काही बोलली. कुशाबा झेंड्याच्या खांबाकडे पाहत होते.

"पोरांचा खेळ तो," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही लय मनाला लावून घेतलात."

"मुलांचा खेळच होता," बाई म्हणाल्या. पुढे आणखी काही बोलायचं होतं, ते राहिलं. त्या खाली बसल्या. फाटकाकडे पाहायचा धीर त्यांना झाला नाही.

झेंडावंदनानंतर खेळ पुन्हा करायचा, हे मुलांनीच ठरवलं होतं. गोष्ट वाचायला या वेळी वर्गातल्या सलोनीला बसवलं होतं. बैल मेला की आपण उठायचं आणि उचलून न्यायचा, असं बाईंनी ठरवलं होतं. कोणालाच सांगायचं नाही, म्हणजे प्रश्नच नको.

पवळ्या व्हरांड्यात आला, लंगडला, गुडघे टेकून कलंडला. सलोनीने वाचलं, "आणि म्हातारा पवळ्या कायमचा झोपला." कावळा येऊन त्याच्या पाठीवर बसला. बुद्धरत्नने तो असा हलवला की पुढच्या रांगेतली लहान मुलं एकदम गप्प झाली.

बाई उठल्या. दोन पावलं टाकली, तोच मेलेला पवळ्या हलला. स्वराज या वेळी आतून बाहेर पडलाच नव्हता. बैल कसाबसा चार पायांवर उभा राहिला, एक चपलेचा कान लोंबत असलेला, आणि पाठीवरचा कावळा धरून चालणाऱ्या बुद्धरत्नसकट संथपणे चालत पडद्याआड गेला.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग सगळं पटांगण हसू लागलं. मेलेला बैल चालत गेला म्हणून बायका हसत होत्या, पोरं एकमेकांवर पडत होती. फाटकाशी सोमांनी तोंडावर हात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

सोनालीबाई व्हरांड्याच्या पायरीवर तशाच उभ्या राहिल्या. इतकं सोपं होतं ते, बैल ओढायला कोणी लागतच नव्हतं. समोर सगळे हसत होते. त्यांनीही हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही, तेव्हा सशाला जागा करून द्यायला त्या बाजूला झाल्या.