नसलेला हात

दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या मळणीयंत्रात शिवकांताचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. लातूरच्या दवाखान्यातून ती चाकूरला घरी आली, जखम भरली आणि सगळे धरून चालले की बाई बरी झाली. तीही तसंच म्हणायची. डाव्या हातानं जेवायला शिकली, वेणी धाकट्या जावेकडून, मंजुश्रीकडून, घालून घेऊ लागली. रडली मात्र एकदाही नाही.

मंजुश्रीच्या बाळाचं बारसं होतं. घर बायकांनी भरलेलं. पाळणा नीट करायचा म्हणून मंजुश्रीनं गडबडीत बाळ पुढं केलं, "आक्का, धरा की जरा."

शिवकांतानं दोन्ही हात पुढं केले. उजव्या तळव्यावर बाळाचं डोकं आलं, बोटं मानेखाली गेली, असं तिला अगदी स्पष्ट जाणवलं.

बाळाचं डोकं सरळ खाली गेलं.

मंजुश्रीनं झेप घेऊन त्याला छातीशी ओढलं. चाललेलं गाणं मध्येच तुटलं. शिवकांता आपल्या रिकाम्या बाहीकडं बघत राहिली. मग वळली, न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली. नवरा अमरनाथ दार वाजवत राहिला, तिनं उघडलं नाही.

सासू शांतम्मांनी बायकांना पानावर बसवलं. "जेवून घ्या बाई, थांबू नका."

थोड्या वेळानं मंजुश्री दाराशी आली. "आक्का, मी एकटीच हाय."

"पोराला माझ्यापासनं लांब ठेव," आतून आवाज आला. "मला हात हाय असंच वाटलं गं. मारलं असतं मी त्याला."

"हाव. मला बी लई भ्या वाटलं."

काही झालं नाही, जीवाला लावून घेऊ नका, असलं काहीतरी ऐकायची शिवकांताची तयारी होती. हे मात्र तिला खरं वाटलं. मग कडी निघाली.

मंजुश्रीनं तिला आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसवलं, मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर बाळ.

"नको."

"मी इथंच हाय. डावा हात टाका त्याच्याभवती."

शिवकांता लाकडासारखी ताठ बसली होती. बाळानं चुळबुळ केली, त्याचा गाल तिच्या तुटक्या हाताला लागला आणि तिथंच टेकला. तिच्या तोंडून हुंदका फुटला. मग ती इतकी मोठ्यानं रडली की बाहेर पंगतीतली बोलणी थांबली. मंजुश्रीनं तिला गप्प केलं नाही.

पुढच्या आठवड्यात शिवकांतानं अमरनाथला स्वतःहून सांगितलं, "मला लातूरला न्या."

"नसलेला हात हाय असं वाटतं. जाईल का हे?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"काहींचं जातं, काहींचं राहतं. व्यायामानं त्रास कमी होतो."

शिवकांता व्यायाम शिकून आली. आता ती रोज बाळाला तेल लावते, आधी खाली बसून, मगच त्याला मांडीवर घेऊन. कधीकधी अजूनही उजवा खांदा आपसूक पुढं येतो. ती जरा थांबते आणि मंजुश्रीला हाक मारते.