देवरूखच्या दौडीतला संकासूर

मी एक जुना संकासूर आहे. म्हणजे संकासुराचा मुखवटा आणि त्याला शिवलेली उंच टोपी, एवढाच मी. मित्रांनो, माझं काळं तोंड, लोंबती लाल जीभ आणि वाखाची पांढरी दाढी पाहून तुमच्यापैकी कितीतरी जण आईच्या मागे लपले असतील. खुशाल लपा, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. शिमग्यात पोरांना भिववणं हेच तर माझं काम होतं.

देवरूखच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. तिथल्या काशीराम नावाच्या शेतकऱ्याने मला केलं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. काळ्या घोंगडीच्या तुकड्यातून त्यांनी माझा चेहरा कापला आणि त्यांची बायको चिमा हिने तो दाट टाक्यांनी शिवला. डोळ्यांना भोकं ठेवली, तोंडाला ठेवलं नाही. आमच्या वाडीची रीतच तशी आहे. संकासूर एकदा बांधला की आतल्या माणसाने चकार शब्द काढायचा नाही. देवळापुढे मानकऱ्याने गाठ सोडली की मगच बोलायचं. बाईमाणसाने तर बांधलेल्या संकासुराला हातसुद्धा लावायचा नाही.

शिमग्यात आमचे खेळे, म्हणजे सोंगं नाचवणारी मंडळी, घरोघर जात. ढोल वाजला की आप्पा कमरेची घुंगरं घुमवत अंगणात शिरत, पोरांच्या मागे धावत आणि मध्येच धपकन आडवे होऊन मेल्याचं सोंग घेत. पडल्या पडल्याही कमर हळूच हलवून घुंगरं वाजती ठेवत. लोकांची हसून मुरकुंडी वळे. कोणीतरी नारळ पुढे केला की आप्पा टुणकन उठत. संकासूर बघावा तर काशीरामाचा, असं आसपासच्या गावांत बोललं जाई. ते ऐकून आप्पांपेक्षा मीच जास्त फुगायचो.

पण सदा सर्वकाळ कोणाचे सुगीचे दिवस राहतात? वाडीतले तरुण मुंबईला गेले. शिमग्याला कुणाला रजा मिळेना, ढोल धरायला माणूस मिळेना. गेल्या शिमग्यात तर एका चढावर आप्पांनाच धाप लागली आणि ते कुणाच्यातरी पायरीवर बसून राहिले. मानकरी तात्यांनी तिथंच सांगून टाकलं, "काशीराम, आता बस झाला. तुज्यानं होयत नाय. पुढल्या साली संकासूर काढू नको."

आप्पा काही बोलले नाहीत. बोलणार कसे, मी बांधलेला होतो ना. घरी येऊन त्यांनी मला खुंटीला टांगलं आणि ते न जेवता निजले.

पौषात देवरूखच्या एका मंडळाने सोंगांची दौड ठरवली. कोणी काहीही बनून धावावं, नुसती मौज. आप्पांची लेक आरोही देवरूखला औषधांच्या दुकानात कामाला आहे. तिने बातमी घरी आणली.

"आप्पा, तुम्ही धावाच," ती म्हणाली. "तुम्ही दौड पुरी केलीत तर तात्या शिमग्याला नाही कसे म्हणतात, ते मी बघते."

तात्यांच्या कानावर घातलं, तर तेही म्हणाले, "पुरी केलान तर काढू संकासूर." झालं! आप्पांनी ते मनावर घेतलं. दौड पुरी झाली तर मी शिमग्यात निघणार, नाहीतर खुंटीवर लटकून कसरीच्या पोटात जाणार. चिमाला हे पसंत नव्हतं.

"ह्या थंडीत कशाला?" ती म्हणाली. "छातीत दुखतंय तुमच्या, मला काय कळत नाय?"

"मला काय धाड भरली हाय?" आप्पा म्हणाले. "धावलो की गरम व्हईल."

दौडीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचं झाड दिसेना. आमच्या मुलखाला अशी थंडी मानवत नाही. तात्यांनी मैदानावर माझी गाठ बांधली आणि शेवटच्या टोकाला, देवळापाशी, ती सोडायला ते पुढे निघून गेले. रीत म्हणजे रीत! आजूबाजूला कोणी पोलीस झालं होतं, कोणी मोर. शाळेतला मुकुल मास्तर तर भलामोठा स्पंजचा हापूस आंबा घालून आला होता. सगळे आम्हाला बघून टाळ्या वाजवत होते. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

उतारावर आम्ही मजेत धावलो. मग चढ लागला. आप्पांचा श्वास माझ्यावर आदळू लागला, आधी ऊन, मग ओला, मग तुटक. घोंगडी भिजून त्यांच्या नाकाला चिकटली. त्यांनी छातीवर हात दाबला. बाजूने धावणाऱ्या मुकुलने विचारलं, "काका, दमलात का? थांबू या?" आप्पांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता हो त्यांनी! पण संकासूर बोलत नाही.

चढाच्या टोकाला चिमा शाल गुंडाळून उभी होती आणि आरोही मोबाइलवर चित्रण करत होती. त्यांच्या समोरच आप्पा कोसळले.

टाळ्यांचा पाऊस पडला. आमचं सोंग कोणाला ठाऊक नव्हतं? "आता उठंल बघा," कोणीतरी म्हणालं. एकाने दुकानातून नारळ आणून त्यांच्या हाताशी ठेवला. आप्पा उठले नाहीत. तसे लोक आणखी हसले. आरोहीही हसत होती.

"घुंगरा वाजत नाय," चिमा म्हणाली.

ती धावत आली, खाली बसली. तिचा हात माझ्या गाठीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. "तात्यास बोलवा," ती म्हणाली. मुकुल मास्तर वाकायला बघत होता, पण त्या आंब्यात त्याला वाकता येईना. कोणीतरी देवळाकडे पळालं. मी तोंडावर तसाच होतो. शेवटी आरोहीने मोबाइल टाकला आणि मला ओढून काढलं. गाठ सुटली नाही, नाडी तुटली. आप्पांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी लेकीकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

आप्पांना रत्नागिरीच्या दवाखान्यात नेताना मी आरोहीच्या मुठीत होतो. वाटेत, पालीच्या अलीकडेच आप्पा गेले.

मग वाडीत बोलणं सुरू झालं. शिमगा नसताना संकासूर बांधला, तो कोपला. सगळं खापर माझ्यावर फुटलं. मला होळीत टाकायचं गावकीने ठरवलं आणि न्यायला तात्या आले. चिमाने मला खुंटीवरून काढलं, धूळ झटकली आणि त्यांच्या हातात दिलं. आरोही मात्र दारात आडवी उभी राहिली.

"तात्या, ह्याला जाळून काय होणार? आप्पा पडले तेव्हा हसत मी होते. माझ्या मोबाइलवर ऐकू येतं माझं हसणं."

तात्या पायरीवर बसले. म्हणाले, "आनि मी देवळाशी उभा व्हतो गो, गाठ सोडायला." पण गावकीचा शब्द मोडवत नाही. ते मला घेऊन निघाले.

आता मी होळीच्या लाकडांशेजारी पडून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मी घोंगडीचा तुकडा, हवा तर दुसरा शिवा. पण सोंग घेतलेला माणूस तुमच्यासमोर पडला तर आधी त्याचं तोंड मोकळं करा, गाठ सोडायचा मान कोणाचा ते मागाहून ठरवा. घरातलं माणूस 'मला काही झालं नाही' म्हणालं, तरी जवळ बसून नीट विचारा. त्या चढावर आप्पांचा श्वास अडखळला, तो माझ्याखेरीज कोणाला कळला नाही. तुमच्या माणसाचा तुम्हाला कळू दे.