प्रमुख पाहुणे आलेच नाहीत

प्राध्यापक बुद्धभूषण पगारे घोटीच्या कॉलेजात वाणिज्य शिकवत. शिकवत म्हणजे सर सांगत आणि मुलं लिहून घेत. उद्योजकता हा नवा विषय त्यांच्या गळ्यात पडला, तेव्हाही त्यांनी पहिल्याच तासाला उद्योजकाचे गुण फळ्यावर लिहायला घेतले. ‘धाडस’ लिहून होतंय तोच आशाने हात वर केला.

“सर, तुम्ही कधी काही विकलंय का?”

पोरीच्या आवाजात खोडी नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. “हा मुद्दा आपण पुढच्या युनिटमध्ये घेऊ,” असं म्हणून सर उरलेला तास धाडसावर बोलले. बोलले छान, पण तो प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा त्यांच्याबरोबर घरी आला आणि तिथेच राहिला.

म्हणूनच, हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठाने नाशिकला प्रशिक्षण ठेवलं तेव्हा पगारे सरांनी आपणहून नाव दिलं. आपणहून कोणी प्रशिक्षणाला जातं हे त्यांच्या प्राचार्यांना खरंच वाटेना. सरांना मात्र आशाला खरं उत्तर द्यायचं होतं, बाकी काही नको होतं.

शिकवायला चैताली नावाची तरुण बाई होती. लोणच्यांचा धंदा स्वतः उभा केलेली, बोलायला मोजकी. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, “उद्या रविवार. तिघा-तिघांनी मिळून सकाळी काहीतरी विकायचं. अनोळखी माणसांना. नातेवाईक, विद्यार्थी चालणार नाहीत. मी बघायला येईन, मदतीला येणार नाही.”

सभागृहात मागून कोणीतरी विचारलं, प्रवासभत्ता मिळेल का?

पगारे सरांच्या गटात देवळ्याच्या मनाली मॅडम होत्या, सूक्ष्मजीवशास्त्राच्या, आणि चांदवडचे पुंजाराम सर, इतिहासाचे. हा विषय त्या दोघांच्याही गळ्यात असाच पडलेला. मॅडमनी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू करायचं कबूल केलं. पुंजाराम सरांनी बाकीचं सगळं अंगावर घेतलं, आणि घोळ झाला तो तिथेच.

पुंजाराम सर म्हणजे तालुक्यातले नावाजलेले सूत्रसंचालक. स्वागत, प्रास्ताविक आणि आभार यांच्याशिवाय जगात काही सुरू होतं किंवा संपतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. रविवारी उजाडताच पगारे सर गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकपाशी पोचले, तर तिथे टेबल, त्यावर पांढरी चादर, मागे फलक, लाल फीत, ताटात गुलाबाची फुलं, आणि वर्गात वापरतात तसला माइक लावलेला छोटा स्पीकर. मनाली मॅडम डोक्याला जाळी, हातात मोजे घालून लाडवांमागे उभ्या होत्या. ऑपरेशनची तयारी चालली आहे असं कोणालाही वाटलं असतं.

“सर, हे काय?” पगारे सरांनी विचारलं.

“उद्घाटन,” पुंजाराम सर म्हणाले. “एका माजी प्राचार्यांना बोलावलंय. ते आले की फीत कापू, मग विक्री.”

“आणि तोवर?”

“तोवर कसं विकणार? उद्घाटन व्हायचंय ना.”

यात काही चुकतंय असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. आयुष्य समारंभात गेलेली माणसं ती. पाहुणे उशिरा येतात आणि तोवर उभं राहायचं असतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं.

ट्रॅक माणसांनी फुलला होता. पण फलक, फीत आणि माइक एकत्र दिसले की पुढे काय होतं हे नाशिककरांना नीट ठाऊक. येणारा प्रत्येक जण लांबून वळसा घालून, मान खाली घालून, एकदम जोरात चालू लागे. पुंजाराम सरांच्या “रसिकहो” या हाकेने तर दोन म्हातारेही पळाले. समोरच्या बाकावर चैताली चहा पीत बसली होती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

ऊन वर आलं. गाड्या सुरू करून माणसं घरी निघू लागली. माजी प्राचार्यांचा फोन आला, त्यांना सर्दी झाली होती.

पगारे सरांनी डबा उघडून पाहिला. एकही लाडू गेला नव्हता. उद्या आशासमोर उभं राहायचं, आणि सांगायचं काय? की नाही, विकलं नाही, पण नियोजन उत्तम होतं? त्यांना स्वतःची लाज वाटली आणि थोडा रागही आला, आणि त्या रागाच्या भरात ताटातलं एक गुलाब उचलून ते सरळ ट्रॅकच्या दारात जाऊन उभे राहिले.

माकडटोपी घातलेला एक म्हातारा बाहेर येत होता. एवढ्या वर्षांत सरांनी हजारो प्रश्न विचारले होते, पण उत्तरं आधीच ठाऊक असलेले. समोरचा काय म्हणेल हे माहीत नसताना त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं.

“बाबा, आमच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे व्हाल का?”

म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“मी? मी तं नुसता चालायला आलोय.”

“नाव काय आपलं?”

“सहादू. एस्टीवर ड्रायव्हर व्हतो.” मग म्हणाला, “रिटायर झालो त्या दिवशी संप व्हता. सत्कार राहूनच गेला माझा.”

पगारे सरांनी सहादूबाबांचा हात धरून त्यांना टेबलापाशी आणलं आणि पुंजाराम सरांच्या कानात दोन वाक्यं सांगितली. पुंजाराम सरांना एवढं पुरे होतं. आयुष्यभर त्यांनी संस्थाचालकांची खोटी स्तुती केली होती, आज पहिल्यांदा खरी करायला मिळाली. घाटातली वळणं, धुकं, भरलेली गाडी सुखरूप पोचवणारे हात, सगळं त्यांनी त्या छोट्या स्पीकरवर उभं केलं. चालणारी माणसं थांबली. बाबांनी टोपी काढून गुलाब घेतलं, फीत कापली, लाडू खाल्ला, आणि पुंजाराम सरांनी पुढे धरलेल्या माइकवर म्हणाले,

“लाडू मऊ हाय. दात नसले तरी चालंल. गोड बेताचं हाय.” मग डोळे पुसून म्हणाले, “आता घरच्यांसाठी बांधा. सत्कार झाला म्हून सांगाया लागंल.”

तो विकलेला पहिला लाडू. पगारे सरांनी तो स्वतःच्या हाताने बांधून दिला, आणि पैसे मोजून घेतले.

मग काय, रीघ लागली. बायकांचा एक गट पुढे झाला. “आम्ही रोज येतो चालायला, आमचा नाही का सत्कार?” झाला, त्यांचाही झाला. एका आजींचा गुडघे दुखत असूनही चालल्याबद्दल, एका नवऱ्याचा बायकोबरोबर आल्याबद्दल. गुलाबं संपली तेव्हा मनाली मॅडम मोजे काढून टाळ्या वाजवू लागल्या. लाडवांचा डबा रिकामा होत आला. पगारे सर हसत होते, बोलत होते, ओळखपाळख नसलेल्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवत होते. एवढा आनंद त्यांना पीएच. डी. मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

चैताली उठून आली. “मला एक लाडू?”

“शेवटचा आहे,” पगारे सर म्हणाले. “तो द्यायचा नाहीये.”

ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी घोटीत वर्ग भरला. मुलांनी वह्या उघडल्या. सर फळ्याकडे गेलेच नाहीत. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला लाडू आणि एक ताजं गुलाब काढलं.

“आशा, पुढे ये. मागे तू एक प्रश्न विचारलास आणि मी पळ काढला. तो प्रश्न विचारल्याबद्दल तुझा सत्कार. उत्तर हो असं आहे. कालच विकलं.”

वर्गाने बाकं बडवली. सरांनी सगळी हकीकत सांगितली, पळालेल्या म्हाताऱ्यांसकट. आशा लाडू खात ऐकत होती. हकीकत संपल्यावर तिने पुन्हा हात वर केला.

“सर, पण सत्कार न करता माणसं लाडू विकत घेतील का?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना अगदी हलकं वाटलं. “इथल्या आठवडे बाजारात बसून बघूया का सगळे?”

मुलांनी वह्या मिटल्या. लाडू कोण करणार यावरून तिसऱ्या बाकावर भांडण सुरूही झालं होतं, आणि सर ते ऐकायला त्यांच्यातच जाऊन बसले.